मोजणी आणि शिल्लक

ऊद म्हणजे पाणमांजर. उदमांजर निराळं, बरं का! ऊद आपल्याकडच्या नद्यांत, खाड्यांतही असतात. पण आज लिहिणार आहे ते प्रशांत महासागराच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर राहणाऱ्या समुद्री उदांबद्दल. मुलीकडे गेले होते तेव्हा मॉन्टेरेच्या किनाऱ्यावरून पाहिले होते. पाण्यावर मस्त उताणे पडून, पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपले फोडत होते. तेव्हापासून त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत असते. मी मराठी माध्यमातली बी.ए., विज्ञानाशी संबंध स्टाफरूममधल्या गप्पांपुरता. पण त्यातलं एक संशोधन काही डोक्यातून जात नाही.

आधी थोडा इतिहास. समुद्री उदाच्या अंगात इतर समुद्री प्राण्यांसारखा चरबीचा थर नसतो. थंडी अडवायला असतात ते विलक्षण दाट केस, आणि तेच त्याच्या मुळावर आले. १७४१ सालच्या बेरिंगच्या मोहिमेतून वाचलेले खलाशी उदांची कातडी घेऊन रशियाला परतले आणि शिकारीला ऊत आला. तोवर दीड ते तीन लाख ऊद असावेत असा अंदाज आहे. १९११ साली चार देशांनी करार करून ही शिकार थांबवली, तेव्हा उरले होते जेमतेम एक-दोन हजार, तेही इथे चार, तिथे चार असे विखुरलेले. कॅलिफोर्नियात तर बिग सरच्या किनाऱ्यालगत पन्नासेक. आज तिथे तीन हजारांच्या आसपास आहेत. "वाचले बिचारे!" म्हणून आपण मोकळे होतो.

पण मोजणी म्हणजे सगळं नव्हे, हे जनुकीय खुणांनी दाखवलं. या खुणा म्हणजे काय ते माझ्या पद्धतीने सांगते. मुलांना फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं की "झुळझुळझुळ" कुणी तीन झुळांनी लिहितो, कुणी चार. डीएनएमध्येही काही जागी तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना क्वचित एखादी आवृत्ती वाढते किंवा गळते. एका उदात दहा, दुसऱ्यात बारा. एक प्रत आईकडची, एक वडिलांकडची. अशा अनेक जागा तपासल्या की त्या कळपात विविधता किती आहे ते समजतं.

शॉन लार्सन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली असंच केलं. किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्यांच्या उकिरड्यांत सापडलेल्या, शिकारीच्या आधीच्या काळातल्या उदांच्या हाडांतून डीएनए काढला आणि आजच्या उदांशी ताडून पाहिला. निष्कर्ष काय? खुणांच्या जेवढ्या तऱ्हा पूर्वी होत्या, त्यातल्या किमान ६२ टक्के नाहीशा झालेल्या!

मला इथे थांबावंसं वाटलं. संख्या पुन्हा वाढली, पण पन्नासांचे तीन हजार झाले तरी त्यांच्याजवळ त्या पन्नासांचीच पुंजी. उद्या नवा रोग आला तर त्याला पुरून उरणारा एखादा वेगळा जीव त्यांच्यात असेल, ही शक्यता तेवढी कमी. नवी तऱ्हा निपजायला फार पिढ्या लागतात.

हातात काहीच नाही असंही नाही. १९६० च्या दशकात आग्नेय अलास्कात सुमारे चारशे ऊद नेऊन सोडले, ते दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले. दोघांकडची शिल्लक एकत्र आली. शिल्लक असेल तर ती जोडता येते, एवढंच. संपलेलं आणता येत नाही.

हे वाचताना मला आमच्या घरचं भात आठवत होतं. वडिलांच्या वेळी पटणी होतं, वरंगळ होतं, कोळंब होतं. पाणथळ खाचराला एक, वरकसाला दुसरं. आज पोती जास्त भरतात, पण सगळी एकाच विकतच्या बियाण्याची. मोजायला गेलं तर भरभराटच.

तेव्हा गावाकडच्या मंडळींनो, कुणाच्या कणगीत जुन्या वाणाचं मूठभर जरी भात असेल, तर यंदा एका कोपऱ्यात पेरा. आणि थोडं शेजारच्या वाडीतही द्या.