पस्तिसावी नानकटाई

'मुलांना कशात तरी गुंतवून ठेवा' हा सल्ला फार सहजपणे दिला जातो. उन्हाळ्याची सुट्टी लागली, पावसाची झड बसली किंवा घरात कोणी आजारी पडले, की शेजारीपाजारी, नातलग आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या एका सुरात तो देऊ लागतात. मला हा शब्द कधीच मानवला नाही. गुंता होतो तो दोऱ्याचा आणि गुंतवणूक होते ती पैशांची. मूल या दोहोंपैकी काहीच नाही. शिवाय त्या शब्दात एक लपलेली कबुलीही असते, की मुलाच्या हातून जे काही होणार त्याची घराला गरज नाही, फक्त त्याचा वेळ जायला हवा. मुलांना ही कबुली आपल्याआधी ऐकू येते. तीन नातवंडे आणि एक कढई यांच्या संगतीत २०२० सालचा उन्हाळा काढल्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करते आहे.

आमचे घर जोतिबाच्या डोंगरावर. कोल्हापूरच्या वायव्येस सतरा-अठरा किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात हे गाव आहे. कागदोपत्री त्याचे नाव वाडी रत्नागिरी. पण कोल्हापूरच्या स्टँडवर कोणी ते नाव घेत नाही, 'जोतिबा' म्हटले की पुरते. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही १९८४ साली इथे आलो आणि इथलेच झालो. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचे एकच. रविवार हा जोतिबाचा वार आणि आमच्या मिस्साचाही. त्यामुळे वर्षानुवर्षे एक गंमत आम्ही अनुभवत आलो. रविवारी सकाळी कोल्हापूरहून वर येणाऱ्या एसटीत पाय ठेवायला जागा नसे आणि आम्हांला खाली देवळात घेऊन जाणारी गाडी बहुधा रिकामी असे. वाहक म्हणत, "तुम्ही उलटे भाविक!" गुलालाने माखलेल्या वाटेने उतरायचे, म्हणजे मिस्साला पोचेपर्यंत चपला आणि साडीचा काठ गुलाबी झालेला असायचा. धर्मगुरू ते पाहून हसत, इतकेच.

माझे स्वतःचे बालपण मात्र कोल्हापूर शहरात गेले. त्या काळी भट्टी असायची ती बेकरीत. घरी ओव्हन असणे ही श्रीमंतांची चैन होती. दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की आई मैदा, रवा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप मोजून पिशव्यांत भरी आणि आम्हां भावंडांना रिकाम्या पत्र्याच्या डब्यासह बेकरीत धाडी. तिथे नंबर लागे. पावांचा घाणा उतरला की भट्टी निवत येई आणि तीच मंद धग बिस्किटांना मानवत असे. कारागीर आमचे पीठ आमच्यासमोर मळी, बिस्किटे पाडून काळ्या पत्र्यांवर मांडी आणि लांब दांड्याच्या फळीने ते पत्रे भट्टीत सारी. मजुरी किलोवर ठरलेली असे.

आमचे काम एकच, पण जोखमीचे. आपला पत्रा कोणता ते ध्यानात ठेवायचे. पाच-सहा घरांची बिस्किटे एका वेळी भट्टीत असत आणि कोणी वनस्पतीत कसर केलेली, तर कोणी साखरेत. नजर हटली की आमची खुसखुशीत बिस्किटे दुसऱ्याच्या डब्यात आणि दुसऱ्याची वातड आमच्या. म्हणून आई आम्हांला प्रत्येक बिस्किटावर बोटाने दोन खळ्या पाडायला सांगे. तीन-तीन तास आम्ही त्या धगीत बसून असू, पण कंटाळा आल्याचे आठवत नाही. नाताळच्या आधी कुलकुल वळताना तेच. नवी कोरी फणी घेऊन तिच्या दात्यांवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची. मोठ्या माणसांची बोटे त्या कामाला जाड पडतात, म्हणून ते काम मुलांचेच. आम्ही हात आखडता घेतला असता तर कुलकुल झालेच नसते. आम्हांला कोणी गुंतवले नव्हते. आमच्यावाचून अडत होते.

आता २०२० कडे वळते. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. थोरली नात तेव्हा अकरा वर्षांची, मधला आठचा, धाकटा पाचाचा. सून परिचारिका, विलगीकरण कक्षात नेमणूक झाल्यामुळे तिचा मुक्काम रुग्णालयाच्या आवारातच पडला. मुलगा दुधाच्या टँकरवर चालक. गाई-म्हशींना टाळेबंदी कळत नाही, तेव्हा त्याची रात्रपाळी चालूच होती. दिवसा तो झोपे. यजमान जाऊन तोवर सहा वर्षे झाली होती. म्हणजे घरात जागी माणसे चारच: मी आणि ही तीन.

त्याच दिवसांत चैत्र यात्रा रद्द झाल्याचे जाहीर झाले. बाहेरच्या वाचकाला यातला घाव कळायचा नाही. चैत्र पौर्णिमेला महाराष्ट्र-कर्नाटकातून लाखो माणसे या डोंगरावर येतात. साताऱ्याकडच्या पाडळीच्या सासनकाठीपासून मानाच्या काठ्या नाचत येतात आणि त्यांच्यावर, पालखीवर, गुलाल आणि खोबरे उधळले जाते. गावातल्या निम्म्या चुली या यात्रेवर वर्षभर पेटतात. ईस्टरची तारीखही वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरूनच ठरत असल्याने पुष्कळ वर्षी यात्रा आणि आमचा पवित्र सप्ताह एकाच चंद्राखाली येतात. त्या वर्षी तसेच होते. ईस्टर १२ एप्रिलला आणि पौर्णिमा त्याच आठवड्यात. देऊळही बंद आणि चर्चही बंद. रविवारची एसटी दोन्ही दिशांनी नव्हती.

शेजारच्या वहिनींचे गुलाल-खोबऱ्याचे दुकान. यात्रेसाठी त्यांनी खोबऱ्याच्या वाट्यांची तीन पोती आधीच भरून ठेवलेली. एके सकाळी कुंपणाच्या भिंतीवर एक पिशवी ठेवून त्या लांबूनच म्हणाल्या, "आक्का, यात्राच न्हाई, तर ह्ये खोबरं कुणाच्या डोक्यावर उधळू? पावसाळ्यात बुरशी धरंल. पोरांस्नी घ्या." खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल, ते खवट व्हायला वेळ लागत नाही. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. पुष्कळ हुज्जतीनंतर निम्मे घेतले. पोती पुढे एका व्यापाऱ्याने पडत्या भावाने उचलली, हेही इथे सांगितले पाहिजे; आमच्या दोन किलोंनी कोणाचे घर सावरले नाही.

त्या खोबऱ्याची नानकटाई करावी असे थोरलीने सुचवले. 'नान' म्हणजे फारसीत भाकरी. सुरतेच्या डच वखारीतल्या बेकरीशी या खाऊची जन्मकथा जोडतात. मूळ काही असो, इकडे ती पिढ्यान्‌पिढ्या आपली आहे. ओव्हन आमच्याकडे आजही नाही. जाड बुडाची जुनी कढई घ्यायची, तिच्यात किलोभर जाडे मीठ पसरायचे, मधे एक कडे ठेवायचे, झाकण घालून दहा मिनिटे तापवायचे. मग कड्यावर ताटली, ताटलीत गोळे, पुन्हा झाकण आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे. मीठ उष्णता धरून ठेवते आणि चहूकडून सारखी सोडते. झाली भट्टी. चार वाट्या पिठाला (त्यात एक वाटी बेसन) दोन वाट्या तूप, दोन वाट्या पिठीसाखर, वाटीभर भाजलेले खोबरे, चिमूटभर सोडा आणि वेलदोडा. तूप आणि साखर आधी हाताने फेसायची, पीठ मागून घालायचे आणि फार मळायचे नाही. तुपाचे आवरण बसलेल्या पिठाला चिवटपणा येत नाही, म्हणून ती खुसखुशीत होते. मळायला मिळत नाही याचे मधल्याला फार वाईट वाटले. धाकट्याला गोळे गुलालाने गुलाबी करायचे होते. गुलाल खायचा नसतो, हे त्याला पटवायला अर्धा तास गेला. शेवटी बीटाच्या रसावर तडजोड झाली.

पहिल्या दिवशी केवढा उत्साह! दुसऱ्या दिवशी तो निम्मा. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात कोणी फिरकले नाही. त्या दिवसांत जगभर हाच उद्योग चालला होता. इंग्लंडात घरोघरी भाजणे सुरू झाल्याने दुकानांतून पीठ दिसेनासे झाले होते. गिरण्यांत पीठ होते, पण ते मोठ्या पोत्यांत बेकऱ्यांसाठी भरलेले, घरगुती पुड्यांत भरायची सोय तोकडी. इतके सगळे भाजणारे तिसऱ्या दिवशी काय करत होते, हे मात्र कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही.

झावळ्यांच्या रविवारी सुनेचा फोन आला. मुलांनी नानकटाई पाठवण्याची गोष्ट काढली. ती थकलेली होती, बोलणे तुटक. म्हणाली, "आम्ही इथं सतरा जण आहोत. सिस्टर, वॉर्डबॉय, सफाईच्या मावशी, सगळे धरून. पाठवायचंच तर सगळ्यांना पाठवा, नाहीतर नको. आणि डबा देऊ नका, आत आलेला डबा परत मिळत नाही."

त्या दोन वाक्यांनी घर बदलले. प्रत्येकी दोन, म्हणजे चौतीस. ताटलीत एका वेळी सात मावतात. थोरलीने हिशेब मांडला: पाच घाणे, दोन तासांहून अधिक गॅस. सिलिंडर पुरवून वापरायचे दिवस होते, म्हणून मधल्याने परसातली चूल साफ केली, जळण आणले आणि आच मंद ठेवण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. डबा नाही तर काय, हा प्रश्न रद्द झालेल्या परीक्षेने सोडवला. गणिताच्या वहीत कोरी पाने पुष्कळ उरली होती. त्यांच्या सतरा पुड्या झाल्या. मुलांनी उपवासकाळात गोड सोडलेले होते, थोरल्या दोघांनी तरी. म्हणजे इतके सगळे करून चाखायचे नाही. तरी कोणाची तक्रार नव्हती. धाकट्याला वयामुळे सूट होती, म्हणून तो परीक्षक. पहिल्या घाण्यातली एक त्याने दाबून पाहिली आणि "कच्ची आहे" असा निकाल दिला. भट्टीतून निघालेली नानकटाई मऊच असते. तूप थिजले, साखर आवळली, की ती कडक होते. दहा मिनिटे थांबण्याचा धडा त्या दिवशी त्याने घेतला, तोही माझ्याकडून नव्हे, बोट भाजल्यामुळे.

गोळे करता करता चौतिसांऐवजी पस्तीस झाले. त्या पस्तिसाव्या नानकटाईवरून जे भांडण पेटले तसे घरात पुन्हा कधी झाले नाही. धाकट्याचे म्हणणे सरळ होते: "मी गोड सोडलंच नाही, म्हणजे ती माझी." थोरली म्हणाली, खोबरे वहिनींचे, तेव्हा मान त्यांचा. मधल्याचे मत असे की ती आईला जावी, तिसरी म्हणून. "मग बाकीच्यांना दोनच का?" या प्रश्नावर तो गप्प झाला. आवाज ऐकून वहिनी भिंतीपाशी आल्या. बाहेर पौर्णिमेचा चंद्र वर आला होता आणि ज्या वाटेने एरवी काठ्या नाचल्या असत्या ती चांदण्यात ओस पडली होती. त्यांनी भिंतीवरची नानकटाई उचलली, मोडली आणि अर्धी परत ठेवली. "निम्मी परीक्षकाची," म्हणाल्या. अजून पुरती निवाली नव्हती. दोन्ही अर्ध्यांचा चुरा झाला. दोघांनीही तो तळहातावरून चाटून खाल्ला.

मुलाने कामावर जाताना पिशवी रुग्णालयाच्या फाटकावर दिली. दुसऱ्या रात्री सुनेचा फोन. मुले कौतुकाची वाट पाहत होती. ती म्हणाली, "छान झाल्यात. वेलदोडा जास्त पडलाय. आणि तीन जणांच्या पुड्यांत चुरा होता, नीट भरा." मला क्षणभर तिचा राग आला. पण मुलांचे चेहरे पाहिले तर ती तिघे अत्यंत गंभीर होती. थोरलीने वहीत 'वेलदोडे १० ऐवजी ६' अशी नोंद केली आणि मधला पुड्यांच्या घड्या बदलून पाहू लागला. नुसत्या शाबासकीने चौथ्या दिवशी पुन्हा सामसूम झाली असती, याबद्दल मला शंका नाही. टाळेबंदी वाढत गेली आणि मे संपेपर्यंत दर आठवड्याला सतरा पुड्या गेल्या. मधे एकदा वीस, कारण माणसे वाढली होती.

पुढच्या वर्षीही यात्रा भरली नाही. भरली ती २०२२ साली, १६ एप्रिलला. आमचा तो पवित्र शनिवार होता, दुसऱ्या दिवशी ईस्टर. वहिनींनी त्या वर्षी तीनऐवजी दोनच पोती खोबरे आणले, धीर होईना म्हणून, आणि ते दुपारीच संपले. मुलांना उधारीवर का होईना खोबरे मिळावे म्हणून धाकट्याने एक वाटी आधीच बाजूला काढून ठेवायला सांगितली होती. ती त्यांनी गिऱ्हाइकांच्या गर्दीतही दिली नाही कोणाला.

मिठाचे एक सांगायचे राहिले. भट्टीला वापरलेले मीठ करडे पडते; ते जेवणात घालता येत नाही, पण पुन्हा पुन्हा तापवता येते. सून घरी परतली त्या संध्याकाळी आमटी करताना तिचा हात त्याच बरणीकडे गेला आणि तिघे एकदम ओरडली. त्या रात्री थोरलीने बरणीवर चिठ्ठी डकवली. बरणी अजून फळीवर आहे, चिठ्ठी तुपाने डागाळलेली, पण अक्षर वाचता येते: 'भट्टीचे मीठ. भाजीत घालू नये.'