छज्ज्यातली सळई

अब्बा मिरजेत सळई बांधायचे. सेंट्रिंगवाला फळ्या ठोकून गेला की अब्बा आणि त्यांच्या हाताखालची दोन पोरं वर चढायची. तार पिळायचा हुक त्यांच्या हातात असा फिरायचा की बघत राहावं. शाळा चौथीपर्यंतच. आपली मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगला गेली याचं त्यांना इतकं अप्रूप होतं की कोणीही भेटलं, तरी चौथ्या वाक्याला विषय माझ्यावर यायचा.

२००१ सालचा उन्हाळा. दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी आले होते. 'स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स'मध्ये शंभरापैकी ८१ गुण पडलेले. एका दुपारी अब्बांचा डबा घेऊन साइटवर गेले, तर खिडकीवरच्या छज्ज्याची जाळी बांधणं चाललं होतं. हाताखालच्या नव्या पोरानं नेमकं तेव्हाच विचारलं होतं, "उस्ताद, स्लॅबला मुख्य सळई खाली घालता, मग छज्ज्याला वर का?"

"आमच्या उस्तादांनी वर घालायला शिकवलं, आम्ही वर घालतो," अब्बा म्हणाले. मग मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "थांब, माझी बेटी इंजिनिअर होतेय. आपाला विचार."

छज्जा म्हणजे कॅन्टिलिव्हर, हे मला माहीत होतं. त्याचा बेंडिंग मोमेंट भिंतीपाशी सगळ्यात जास्त, डब्ल्यू एल स्क्वेअर बाय टू, हेही पाठ होतं. अशी पन्नासेक गणितं मी सोडवली असतील. पण सळई वर का? मी म्हणाले, "कोडमध्ये तसंच दिलंय."

पोरानं मान डोलावली. अब्बा काही बोलले नाहीत, हात धुऊन डब्याशी बसले. घरी परतताना माझ्या लक्षात आलं की त्यांनी आणि मी एकच उत्तर दिलं होतं. त्यांना उस्तादांनी सांगितलं होतं, मला कोडनं. फरक एवढाच की माझ्या शिक्षणासाठी अम्मीच्या बांगड्या गेल्या होत्या.

मी अभ्यास तरी कसा केला होता? घरात दखनी, शाळा दहावीपर्यंत मराठी, आणि पुढे एकदम इंग्रजी पुस्तकं. पहिल्या वर्षी मेकॅनिक्सच्या पुस्तकाचं एक पान वाचायला डिक्शनरी घेऊन एक संध्याकाळ लागायची. दिवाळीपर्यंत कॉलेजच्या फाटकासमोरचं झेरॉक्सचं दुकान सापडलं आणि पुस्तक मिटलं ते मिटलंच. तिथं मागच्या पाच वर्षांच्या पेपरांची उत्तरं मिळायची, हमखास येणाऱ्या प्रश्नांवर खूण केलेली. 'प्लेन सेक्शन्स रिमेन प्लेन' हे वाक्य मी पाढ्यासारखं घोकलं होतं. त्याचा अर्थ विचारला असता तर मी तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं असतं. (२०२१ पासून एआयसीटीईनं मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आहे. चांगलंच झालं. पण मराठीतूनही घोकता येतं, हे मी शिक्षिका म्हणून पुरेपूर पाहिलं आहे.)

त्या रात्री झोप येईना. शेवटी मी माझी जुनी हवाई चप्पल घेतली आणि ब्लेडनं तिच्या वरच्या बाजूला आडव्या चिरा पाडल्या, खालच्या बाजूलाही पाडल्या. टाच टेबलावर दाबून धरली, पुढचा भाग कडेबाहेर ठेवला आणि बोटानं खाली दाबला. वरच्या चिरा तोंड उघडल्यासारख्या फाकल्या. खालच्या गच्च मिटल्या.

एवढंच होतं! काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या मानानं दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून जिथं चीर उघडणार तिथं सळई. दोन वर्षं जे कागदावर लिहीत होते ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

सकाळी चहा पिता पिता अब्बांना दाखवलं. त्यांनी चप्पल माझ्या हातातून घेतली आणि अंगणातल्या दोन विटांवर आडवी ठेवून मध्ये दाबली. आता खालच्या चिरा उघडल्या. "हा स्लॅब," ते म्हणाले. मग त्यांनी एकच वीट मधोमध ठेवली आणि चप्पल दोन्ही टोकांना दाबली. विटेच्या बरोबर वर चिरा उघडल्या. अब्बा बराच वेळ बघत बसले. "म्हणजे बीमजवळ आपण सळईला क्रँक मारून वर उचलतो, ती याच्यासाठी होय!" पंचवीस वर्षं ते क्रँक मारत होते. मला एकच प्रश्न सुटला होता. त्यांनी चहा संपायच्या आत तीन सोडवले.

काँक्रीट ओतताना मजूर छज्ज्याच्या जाळीवर पाय देतात म्हणून अब्बा नेहमी ओरडायचे. त्यांनी मला हिशोब करायला लावला. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरचा छज्जा, वरून २० चं कव्हर, १० ची सळई. छज्ज्याच्या तळापासून सळईच्या मध्यापर्यंतची उंची ७५. पायाखाली सळई ३० मिलिमीटर दबली तर ती उंची उरते ४५. ताकद साधारण त्याच प्रमाणात जाते, म्हणजे सुमारे ४० टक्के गेली. आणि वरून बघणाऱ्याला काही कळत नाही, काँक्रीट सगळं झाकून टाकतं.

एवढं शिकलेली मी पुढे शिक्षिका झाल्यावर सुधारलेली असेन, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

२०११ मध्ये मी दुसऱ्या वर्षाला हाच विषय शिकवत होते. डिसेंबर जवळ आलेला, निम्मा सिलॅबस बाकी. मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. वडील सुतारकाम करायचे त्याचे. म्हणाला, "मॅडम, वाकल्यावरही सेक्शन सपाटच राहतो, हे कोणी पाहिलंय?" वर्ग हसला. मी म्हणाले, "ते गृहीतक आहे. परीक्षेला एवढंच लिहायचं. बस." तो बसला. त्या वर्षभरात त्यानं पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. मला तेव्हा बरंच वाटलं, सिलॅबस वेळेत संपला.

डोळे उघडले ते दोनेक वर्षांनी. हार्वर्डच्या एरिक मझूर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाबद्दल वाचण्यात आलं. १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना रोजच्या भाषेतले साधे प्रश्न दिले, ट्रक आणि मोटार धडकली तर कोणाचा जोर कोणावर जास्त, अशा धर्तीचे. अवघड गणितं सोडवणारी मुलं तिथं अडखळली. एका मुलीनं तर विचारलं की उत्तर कसं लिहू, तुम्ही शिकवलंत तसं, की मी एरवी विचार करते तसं? वाचता वाचता मला आमची साइट दिसली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर छज्जा काढला आणि म्हटलं, सळईची फक्त एक रेघ मारा. निम्म्याहून जास्त मुलांनी ती खाली मारली. याच मुलांनी आदल्या आठवड्यात कॅन्टिलिव्हरची गणितं बिनचूक सोडवली होती. दोष कोणाचा, हे मला त्या मुलांना विचारायची गरज नव्हती.

तेव्हापासून एक पद्धत ठेवली आहे. आठवड्याला पुस्तकाचं एकच पान, नोट्सचं नव्हे. ते वाचून घरच्या भाषेत पाच ओळी लिहायच्या, आणि खाली एक असा प्रश्न ज्याचं उत्तर त्या पानात नाही. सुरुवातीला सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवलं. काही पालकांनी तक्रार केली की मॅडम पेपरचं सोडून भलतंच करून घेतात. एका वर्षी निकालही थोडा खाली आला, तो मी प्राचार्यांपुढे ऐकून घेतला. पण हळूहळू प्रश्न येऊ लागले.

सुताराच्या मुलाचा प्रश्न आता मीच विचारते. खोडरबराच्या बाजूवर पेननं उभ्या रेघा मारायच्या आणि वाकवून बघायचं. रेघा कलतात, पण जवळजवळ सरळच राहतात. मग सांगते की लांबीच्या मानानं फार उंच असलेल्या बीममध्ये हे गृहीतक चालत नाही. आणि गॅलिलिओची गोष्ट सांगते. १६३८ च्या त्याच्या पुस्तकात भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचं चित्र आहे, टोकाला वजन टांगलेलं. आपला छज्जाच म्हणा. तुळई का मोडते याचा त्यानं विचार केला आणि चुकला. सगळ्या जाडीभर सारखा ताण येतो असं त्यानं धरलं, खालच्या बाजूला दाब येतो हे त्याच्या हिशोबातून सुटलं. त्यामुळे ताकद जवळपास तिप्पट निघते. तो हिशोब पुरता नीट व्हायला पुढे दीडशेहून अधिक वर्षं गेली. हे ऐकल्यावर मागच्या बाकावरचे दोन-तीन हात तरी वर येतात. त्या मुलाला मात्र मी हे कधीच सांगू शकले नाही. तो कुठं आहे, मला माहीत नाही.

गेल्या पावसाळ्याआधी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. नवीनच नोकरी, ज्युनिअर इंजिनिअर. बाल्कनीचं काँक्रीट चालू असताना मजुरांच्या पायाखाली वरची जाळी दबलेली त्यानं पाहिली आणि काम थांबवलं. काँक्रीटची गाडी खाली खोळंबली, ठेकेदार शिव्या घालत राहिला, तरी यानं खाली लोखंडी खुर्च्या सरकवून जाळी उचलून घेतली आणि मगच पुढे ओतू दिलं.

मी शाबासकी देणार, तोच तो म्हणाला, "मॅडम, फोन दुसऱ्याच कामासाठी केलाय. तुम्ही वर्गात ४० टक्के सांगितलं होतं. इथं बाल्कनी पाच इंची आहे, १२५ ची. जाळी दबली होती तेवढीच, ३० मिलिमीटर. पण उंची १०० ची ७० होते. माझे ३० टक्केच येतात. जरा बघता का?"

मी कागद घेऊन बसले. तीसच येत होते. नोकरीचं काय झालं, असं विचारलं तर म्हणाला, "उद्या कळेल."