घड्याळ, हात आणि ४०१ मिली

शस्त्रक्रियेनंतर पेशंटच्या मूत्राशयात किती लघवी साठली आहे हे सोनोग्राफीने मोजत बसू नये, असं माझं कितीतरी वर्षं ठाम मत होतं. मी भूलतज्ज्ञ आहे. जिल्ह्याच्या गावात चार-पाच छोट्या रुग्णालयांत मिळून माझं काम चालतं आणि त्यातलं बरंचसं स्पायनलचं असतं: हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, भगंदर, सिझेरियन, खुब्याचं हाड. स्पायनल दिली की कमरेखालचं अंग बधिर होतं, तशाच मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसाही. संध्याकाळी पाय हलायला लागतात, पेशंट चहा मागतो, घरचे खूश होतात. पण या नसा सगळ्यांत शेवटी जाग्या होतात. स्पायनलमध्ये देतात त्या बुपिव्हाकेन या औषधाच्या नेहमीच्या मात्रेनंतर मूत्राशयाच्या स्नायूला पुन्हा जोर यायला सात-आठ तासही लागतात. तोवर सलाईन चालूच असतं. रात्री मला येणारे बरेचसे फोन म्हणूनच एकाच वाक्याने सुरू होतात: “मॅडम, सकाळच्या पेशंटला अजून लघवी झाली नाही.”

हा प्रश्न माझ्या सुईने उभा केलेला असतो. सर्जननी ऑपरेशन केलं आणि लघवीचं सिस्टर बघतील, असं म्हणून मला हात झटकता येत नाहीत. म्हणूनच ‘मशीन लावून बघा की’ हा सल्ला मला खटकायचा.

माझा आक्षेप भूमितीचा होता. सोनोग्राफीचं मशीन लघवी मोजत नाही. ते तीन अंतरं मोजतं, रुंदी, उंची आणि खोली. त्यांचा गुणाकार करतं आणि त्याला ०.५२ ने गुणतं. हा ०.५२ म्हणजे पायचा सहावा भाग. लंबगोलाचं घनफळ काढायचं हे सूत्र आहे. मूत्राशय लंबगोल असतं तर प्रश्नच नव्हता. पण शेकायची रबरी पिशवी अर्धी भरून आडवी ठेवली की ती जशी जागा मिळेल तशी पसरते, तसंच हे. वरून आतडी दाबतात, खालून प्रोस्टेट वर येते, बायकांमध्ये गर्भाशय माथ्यावर टेकतं. मूत्राशय कधी चौकोनी होतं, कधी तिकोनी, कधी एका कुशीला कललेलं. म्हणून तर ०.५२ ऐवजी कुणी ०.६२५ सुचवला, कुणी ०.७.

एका हर्नियाच्या पेशंटची मापं मला अजून आठवतात. ओटीपोटावर जेल लावून प्रोब आधी आडवा धरला, मग उभा. रुंदी ११.२ सेंटिमीटर, उंची ८.५, खोली ८.१. मशीनने सांगितलं ४०१ मिली. आता याच मापांना ०.७ ने गुणा, ५४० येतात. पेशंट तोच, चित्र तेच, आणि फरक जवळपास १४० मिलीचा. बरं, मापंही कुठे दगडावरची रेघ असतात? भिंतीच्या आतल्या कडेवर ठेवायची ती खूण जरा बाहेर सरकली आणि तिन्ही अंतरं अर्ध्या सेंटिमीटरने वाढली, तर ४०१ चे ४७१ होतात. मग तो शेवटचा ‘१’ कशाच्या जोरावर लिहायचा? चार्टवर ४०१ लिहिलेलं पाहिलं की पहाटे राऊंडला येणारा निवासी डॉक्टर त्याच्याकडे रक्तातल्या साखरेच्या आकड्याइतक्याच विश्वासाने बघतो. मला भीती होती ती याची.

वाचनाने ही भीती आणखी वाढली. मशीनचा आकडा आणि मूत्राशयात घातलेल्या नळीतून निघालेली लघवी यांची तुलना करणाऱ्या लेखांत सहसंबंध ०.९ च्या वर आला की लेखक समाधानी होत. पण मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोघांनी १९८६ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं होतं की दोन मोजमापांमधला सहसंबंध म्हणजे त्यांचं एकमत नव्हे. एखादं यंत्र दर वेळी खऱ्याच्या दुप्पट आकडा दाखवत असेल, तरी सहसंबंध पूर्ण एक येतो. त्यांनी सांगितलेली रीत साधी आहे: प्रत्येक पेशंटमागे दोन मापांतला फरक काढा आणि तो फरक कुठून कुठपर्यंत पसरतो ते बघा. भूलशास्त्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो लेख एकदा तरी वाचावा असं मला आजही वाटतं. त्या नजरेने मूत्राशयाचे अभ्यास पाहिले की सरासरी फरक लहान दिसतो, पण एकेका पेशंटमधला फरक शंभर मिलीच्याही पुढे जातो. सरासरीला लघवी होत नसते, पेशंटला होते. माझं मत पक्कं झालं.

ते हललं ते या गणितामुळे नव्हे. गणित मी आजही तसंच मानते.

झालं असं, की मी मशीनचे आकडे खऱ्या आकड्याशी ताडून बघायचं ठरवलं. नळी घालायचीच असेल तेव्हा आधी मोजायचं, मग नळीतून आलेली लघवी मापाच्या भांड्यात घ्यायची. आणि ‘खरा आकडा’ म्हणून मी ज्याच्याकडे बघत होते तोच डळमळायला लागला. नळीची छिद्रं मूत्राशयाच्या तळाशी असतीलच असं नाही. पेशंटला जरा कुशीवर वळवलं, ओटीपोटावर हात दाबला की आणखी धार येते. भांड्यावरच्या रेघा शंभर-शंभर मिलीच्या, मधलं सगळं अंदाजाने. त्यात मोजणं आणि नळी घालणं यांमध्ये अर्धा तास गेला, आणि सकाळपासून दोन लिटर सलाईन गेलेल्या माणसाचं मूत्रपिंड मिनिटाला दोन-तीन मिली लघवी सहज तयार करतं, तर तेवढ्यात साठ-नव्वद मिलीची भर पडलेली असते. मशीनच्या चुकीत ही सगळी भर मी मोजत होते.

पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. मशीन नसताना आम्ही काय करत होतो? घड्याळ बघत होतो. ‘सहा तास झाले, आठ तास झाले, नळी घाला.’ आणि ओटीपोटावर हात ठेवत होतो. मशीनची लढत खऱ्या आकड्याशी लावून मी ते हरलेलं घोषित करत होते. वॉर्डातली लढत मात्र घड्याळाशी आणि हाताशी होती.

एका संध्याकाळचे दोन पेशंट सांगते. दोघांचीही स्पायनल त्याच दिवशी झालेली. पहिला मूळव्याधीचा, पंचविशीतला, आदल्या रात्रीपासून उपाशी, ऑपरेशन झटपट उरकलेलं, सलाईन जेमतेम एक बाटली. त्याला आठ तास होऊन गेलेले, लघवी नाही, आई काळजीने रडकुंडीला आलेली. दुसरे हर्नियाचे आजोबा, सत्तरीच्या पुढचे. मध्ये रक्तदाब उतरला म्हणून मी भरपूर सलाईन दिलेलं. त्यांना पाचच तास झालेले. नियमाप्रमाणे नळी पोराला घालायची होती आणि आजोबांना थांबायचं होतं. “आजोबा, लघवीला लागल्यासारखं वाटतं का?” सिस्टरनी विचारलं. “छे, काहीच नाही. झोपू द्या मला,” आजोबा म्हणाले. हर्नियाच्या चिकटपट्टीमुळे आणि पोटाच्या घेरामुळे हाताला काही लागत नव्हतं. मशीनने पोराचे १६० दाखवले, आजोबांचे ७८०.

या दोन्ही आकड्यांत २५ टक्क्यांची चूक धरा. पोराचे फार तर दोनशे, आजोबांचे कमीत कमी पावणेसहाशे. निर्णय तसूभरही बदलत नाही. पोराला उभं केलं, पाणी प्यायला दिलं, वेळ दिला. त्याची नळी टळली. आजोबांना लगेच नळी घातली आणि भांडं भरून लघवी निघाली. प्रौढ माणसाचं मूत्राशय साधारण चारशे ते सहाशे मिलीचं. त्यापलीकडे ते तासन् तास ताणलेलं राहिलं की स्नायूच थकतो आणि स्पायनल उतरल्यावरही लघवी सुटत नाही. आधीच प्रोस्टेट वाढलेल्या माणसाच्या बाबतीत तो थकवा म्हणजे नळी घेऊन घरी जाणं. उलट बाजूला, नळी ठेवली की लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवसामागे ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. घड्याळाच्या नियमाने आम्ही दोन्हीकडून नुकसान करत होतो. नको त्याला नळी, हवी त्याला उशीर.

पेशंटच्या सांगण्यावर किती विसंबायचं, हेही त्या संध्याकाळनंतर मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. २००४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ अॅनेस्थेशिया’त एक अभ्यास आला होता. भुलीतून बाहेर येणाऱ्या १७७ रुग्णांचं मूत्राशय सोनोग्राफीने बघितलं, तर ४४ टक्क्यांमध्ये पाचशे मिलीच्या वर लघवी होती आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना त्याचा कसलाही त्रास जाणवत नव्हता. मी हा लेख पूर्वी वाचला होता. तेव्हा माझं लक्ष फक्त सोनोग्राफीच्या चुकीकडे गेलं होतं. ती चूक पदरात घेऊनही हे चित्र पुसलं जात नाही, हे आता दिसतं.

आता मी काय करते? तीनशेच्या आत आकडा असेल तर थांबते. सहाशेच्या वर असेल तर नळी, पेशंट कितीही आरामात असो. मधल्या पट्ट्यात एका आकड्यावर काहीच ठरवत नाही. पेशंटला उठवून बसवते, तासाभराने पुन्हा मोजते, आणि दोन आकड्यांत किती भर पडली ते बघते. मशीनची चूक दोन्ही वेळा बहुतेक एकाच दिशेला जाते, म्हणून एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधली वाढ मला अधिक विश्वासाची वाटते. आणि चार्टवर ‘४०१’ लिहू देत नाही. ‘सुमारे ४००’, शेजारी वेळ, आणि लघवी करण्याआधी मोजलं की नंतर, एवढं लिहायचं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. कितीतरी देशांत हे काम वॉर्डातली नर्स करते. छोटं यंत्र ओटीपोटावर धरलं, बटण दाबलं, आकडा आला. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटली की गर्भलिंगनिदानाचा कायदा येतो. महाराष्ट्राने तो १९८८ मध्ये, केंद्राच्या १९९४ च्या कायद्याच्याही आधी केला, आणि मुलींचे जीव वाचावेत म्हणून केला. त्यात ढिलाई यावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण मशीन नोंदवलेलं, वापरणारा डॉक्टर नोंदवलेला, आणि रात्री दोन वाजता आजोबांच्या उशाशी असते ती सिस्टर. प्रोब ती हातात घेऊ शकत नाही. मी येईपर्यंत तिच्याकडे पुन्हा घड्याळ आणि हातच उरतो. फक्त मूत्राशय मोजणारं, गर्भाचं चित्र दाखवूच न शकणारं यंत्र सिस्टरच्या हाती कसं देता येईल, यावर आम्ही भूलतज्ज्ञांनी आणि सर्जननी मिळून बोलायला हवं. आम्ही गप्प आहोत, कारण फोन आला की आम्ही गाडी काढून जातो आणि वेळ निभावून नेतो.

दोन ठिकाणी माझं जुनं मत अजून जागेवर आहे. पोटात पाणी झालेला पेशंट, किंवा अंडाशयाची मोठी गाठ असलेली बाई: आपोआप आकडा काढणारं यंत्र ते पाणीही लघवीत धरू शकतं. तिथे पडद्यावर मूत्राशयाची भिंत स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी आकड्याला हात लावत नाही. दुसरं ठिकाण बाळंतिणीचं. तिचं गर्भाशय अजून मोठं असतं, मूत्राशय त्याखाली चेपून वेडंवाकडं झालेलं असतं, गर्भाशयातलं रक्तही पडद्यावर काळंच दिसतं. सिझेरियननंतर नळी काढली की तिची प्रत्येक लघवी भांड्यात घेऊन मोजायची. थोडी थोडी आणि सारखी होत असेल, तर मशीन काहीही म्हणो, नळी घालून बघायचं, हेच मी तिथल्या सिस्टरना आजही सांगते.