सवय आणि दंश

बदलीनिमित्त आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, करडी या गावी बिऱ्हाड हलवले. वाटेत आरसा फुटला, पावसाने पुस्तकांचे एक पोते भिजले. या हानीचे दुःख आठवडाभरात ओसरले. डासांच्या चाव्यांनी अंगावर उठलेल्या गांधी मात्र ओसरेनात. सभोवती भाताच्या बांध्या आणि साचलेले पाणी. शेजारच्या आजी म्हणाल्या, "नवे आहात जी, सवय होऊन जाईन."

या बोलण्याला शास्त्राचा आधार आहे. अंड्यांच्या पोषणासाठी रक्त शोषणारी मादी आपली लाळ त्वचेत सोडते. शरीर त्या लाळेला परकी म्हणून ओळखते आणि हिस्टामिन स्रवते. खाज हा देहाने नोंदवलेला निषेधच होय. त्याच जातीचे डास दीर्घकाळ चावत राहिले, की पुष्कळांच्या बाबतीत हा निषेध मंदावतो.

दंशाला मराठी साहित्य अपरिचित नाही. एकनाथांच्या भारुडाने विंचवाला रूपकाची प्रतिष्ठा दिली. डास मात्र उपेक्षित राहिला. सिकंदराबादेत १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसने त्या शोधावर कविता रचली होती. हिवताप डासाच्या दंशातून पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. तेव्हा खाज शमली म्हणून धोका शमत नाही. रुळणे म्हणजे बरेचदा न जाणवणे. आणि हे नोकरीत, भाषेत, समाजातही तितकेच खरे आहे.

आता आमच्या अंगावर गांधी कमी उठतात. मच्छरदाणी मात्र आम्ही रोज लावतो.