गुणांबाहेरचं उत्तर

बुद्धिमापन चाचणीचे गुण मांडायला फारसा वेळ लागत नाही. मुलाचं उत्तर तसं का आलं, हे कळायला मात्र त्याचं घर, शाळा आणि आईबापांचं काम ठाऊक असावं लागतं.

बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातली एक मुलगी माझ्याकडे तपासणीला आली होती. दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर कारखान्यावर जायचं, उन्हाळ्यात परतायचं. मधे जमेल तेवढी शाळा. 'मुलगी मंद आहे,' असं शाळेचं म्हणणं. चाचणीतले प्रश्न जाहीर करायचे नसतात, म्हणून बदलून सांगते: कोयता आणि कुऱ्हाड यांत सारखं काय? ती म्हणाली, "कोयत्यानं ऊस तोडत्यात, कुऱ्हाडीनं लाकूड." नियमाप्रमाणे शून्य. चाचणी संपल्यावर, गुणांना हात न लावता, मी पुन्हा विचारलं, "दोन्हींना मिळून काय म्हणतेस?" "हत्यारं," ती लगेच म्हणाली.

असंच संशोधनातही दिसलं आहे. मानसशास्त्रज्ञ मायकेल कोल आणि सहकाऱ्यांनी लायबेरियातल्या क्पेल्ले शेतकऱ्यांपुढे अन्न, कपडे, अवजारं, भांडी ठेवली होती. शेतकऱ्यांनी वस्तू वापराप्रमाणे एकत्र लावल्या. शहाणा माणूस असंच करतो, म्हणाले. मग मूर्ख माणूस कसं करील, असं विचारल्यावर संशोधकांना हवे होते तेच, प्रकारांप्रमाणे गट त्यांनी बिनचूक लावले. कुवत आधीपासून होती. प्रश्नकर्त्याला शहाणपण कशात दिसतं, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी १९०५ साली पॅरिसच्या शाळकरी मुलांसाठी निघाली. धारवाडच्या डॉ. कामतांनी १९३०च्या दशकात ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. हे मोलाचं काम होतं; आजही आपण ती वापरतो. पण अनोळखी माणसानं स्वतःला ठाऊक असलेलंच विचारावं आणि मुलानं निमूट उत्तर द्यावं, हा रिवाज शाळेतच अंगवळणी पडतो. ज्याची शाळाच अर्धी, त्याची परीक्षा पहिल्या प्रश्नाआधीच सुरू झालेली असते.

म्हणून त्या मुलीच्या अहवालात बुद्ध्यंकाशेजारी तिचं गुणांबाहेरचं उत्तर, बुडालेली शाळा आणि घरची बोली या तिन्हींची नोंद केली. चाचणी टाकून द्यावी, असं मी म्हणत नाही. खरोखर मदतीची गरज असलेली मुलं तिच्यामुळे सापडतात. पालकांनो, शिक्षकांनो, अहवाल हाती आला की आकड्यावर थांबू नका. चाचणी कुठल्या भाषेत घेतली, तिचे निकष कधीचे, मूल त्या वर्षी किती महिने शाळेत होतं, हे विचारा. तो तुमचा हक्क आहे, आणि उत्तर देणं आमचं काम.