चार वकिलांची मानपत्रं

संविधान दिनाला, २६ नोव्हेंबर २०२५ रोजी, अंबाजोगाईत आम्ही चार वकिलांचा सत्कार केला. तिघे दलित समाजातले, एक पारधी समाजातला. चौघांचीही वकिली बीड जिल्ह्यातल्याच कोर्टांतली. वर्गणी काढून केलेला साधा कार्यक्रम होता. मी महाविद्यालयात मराठी शिकवत होतो, म्हणून मानपत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. आलं नसतं तर मी ते मागून घेतलं असतं. आमच्या घरची गायरानातली अडीच एकर जमीन आज भावाच्या नावाने सातबाऱ्यावर आहे, ती या चौघांतल्या एकामुळे.

चौघांत थोरल्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात. त्यांच्याकडे माहिती घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी आधी अट घातली. ‘सर, दीनदुबळ्यांचे कैवारी बिवारी काही लिहू नका. केस लिहा. कोणाची होती, काय झालं, ते लिहा. हरलेली असली तरी लिहा.’ मला ते मनापासून पटलं. मग मानपत्रांसाठी मी केज, धारूर, वडवणी, परळी असा फिरलो. पक्षकारांच्या ओसरीवर बसलो, जुन्या पिशव्यांतले निकाल वाचले.

वकीलसाहेबांचा जन्म निजामाच्या राजवटीतला. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या कॉलेजात, म्हणजे पुढच्या मिलिंदमध्ये, ते शिकले आणि नंतर कायद्याची पदवी घेऊन जिल्ह्यात परतले. सुरुवातीला बाररूममध्ये त्यांना बसायला खुर्ची नव्हती. कोर्टाच्या आवारात टायपिस्टच्या शेजारी लिंबाखाली बसून ते अर्ज लिहायचे. तालुक्याच्या गावी मुक्काम पडला की लॉजवर न जाता वस्तीतच कुणाच्या तरी घरी झोपायचे. खिशात पैसे नसायचे, आणि आडनाव सांगितल्यावर खोली मिळेल याचीही खात्री नसायची.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं पेटली. ॲट्रॉसिटीचा कायदा तेव्हा नव्हताच. तो १९८९ चा, लागू झाला ३० जानेवारी १९९० पासून. वकीलसाहेबांच्या हातात होता तो नागरी हक्क संरक्षणाचा कायदा आणि भारतीय दंड संहिता. जळालेल्या घरांच्या नुकसानीचे अर्ज त्यांनी वस्तीवस्तीत बसून लिहिले. ज्वारीचं पोतं, पितळी हंडा, दोन शेळ्या, मुलीच्या लग्नाचं लुगडं, असं एकेक विचारून लिहून घेतलं. त्यातल्या काही कार्बन प्रती त्यांनी अजून जपून ठेवल्या आहेत, मी पाहिल्या. शाई निळी-जांभळी झाली आहे, पण यादी वाचता येते. एका मानपत्रात मी ती यादी जशीच्या तशी घेतली.

तेव्हा अपील करायचं तर मुंबई गाठावी लागे. औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ बसलं ते २७ ऑगस्ट १९८१ ला. त्याआधी बीड जिल्ह्यातला शेतमजूर अपिलाला जाणं म्हणजे एस.टी., रेल्वे, मुंबईत कुणाच्या तरी चाळीत पथारी आणि वर वकिलाची फी. वकीलसाहेब पक्षकाराला सोबत घेऊन जात, आणि कितीदा तरी तिकीट तेच काढत. हे त्यांनी सांगितलं नाही, पक्षकारांच्या मुलांनी सांगितलं. तारखांना कंटाळलेल्या माणसाला मात्र ते एकच गोष्ट सांगत. चवदार तळ्याचा दावा १९२७ साली लागला आणि हायकोर्टाचा निकाल आला १९३७ च्या मार्चमध्ये. बाबासाहेबांसारख्या बॅरिस्टरला दहा वर्षं लागली, तू दोन वर्षांत का खचतोस?

मला हे ऐकताना अमेरिकेतले थर्गूड मार्शल आठवत राहिले. १९६७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायाधीश झालेल्या मार्शल यांनी त्याआधी दक्षिणेतल्या गावोगावच्या कोर्टांत काळ्या आरोपींची वकीलपत्रं घेतली. मुक्कामाला काळ्या माणसांचीच घरं, गावातून सुखरूप बाहेर पडण्याची धास्ती. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल जगाला माहीत आहे. त्यामागे अशी कितीतरी लहान गावातली कोर्टं आहेत. आपल्याकडच्या तशा वकिलांची नोंद कोणी ठेवली? मराठवाड्यातल्या दलित वकिलांवर पुस्तक निघायला हवं. हे काम इथल्या विद्यापीठांचं आहे, आणि ते वकील हयात आहेत तोवर व्हायला हवं.

दुसरे वकील मातंग समाजातले, आमच्या जमिनीचं प्रकरण चालवणारे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी ॲड. एकनाथ आवाड यांच्याबद्दल लिहावं लागतं. दुकडेगावच्या पोतराजाचा हा मुलगा. कार्यकर्ते त्यांना जिजा म्हणत. पोतराजांच्या जटा कापण्यापासून गायरान जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर करण्यापर्यंत त्यांनी मानवी हक्क अभियानाच्या बळावर उभा मराठवाडा हलवला. मे २०१५ मध्ये ते गेले. त्यांच्या सभांमधून ज्या पोरांना आपणही काळा कोट घालावा असं वाटलं, त्यांतले आमचे हे वकील.

गायरानाची लढाई कागदाची असते हे मी यांच्यामुळे शिकलो. राज्य सरकारचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय असा की, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात ज्या भूमिहीनांनी सरकारी पडीक, गायरान जमिनीवर अतिक्रमण करून ती कसली, त्यांचं अतिक्रमण नियमित करावं. पण कसत होतो हे दाखवायचं कशावरून? गावातला मोठा शेतकरी साक्ष देणार नाही, तलाठी नोंद घेणार नाही. तेव्हा हे वकील वस्तीत येऊन सांगायचे: तहसीलचा माणूस अतिक्रमणाचा दंड करायला आला तर त्याच्याशी भांडू नका. दंड भरा, पावती घ्या, पावती जपा. त्या दंडाच्या पावत्या आणि गाव नमुना एक-ई मधली अतिक्रमणाची नोंद हाच पुढे पुरावा झाला. माझ्या आईने त्या पावत्या पत्र्याच्या पेटीत हळदीच्या पुडीशेजारी ठेवल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणता कागद कोणत्या सालचा हे ती रंगावरून सांगायची. आमच्या प्रकरणात तोच कागद चालला. जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे, परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि आम्हाला विकायचीही नाही.

सगळ्यांचं आमच्यासारखं झालं नाही. सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दिला. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी अपवादाची वाट ठेवलेली आहे, पण नोटीस काढणाऱ्याला ते वाक्य दिसत नाही. २०२२ साली राज्यभर गायरानाच्या नोटिसा निघाल्या तेव्हा या वकिलांच्या घरासमोर पहाटेपासून माणसं बसलेली असायची. प्रत्येक उत्तरात त्यांनी तो अपवाद ठळक टाइप करून घातला. त्यांनी कुणाकडून किती फी घेतली हे मी विचारलं नाही. आमच्या आईने त्यांना दर दिवाळीला तुरीची डाळ दिली, एवढं मला ठाऊक आहे.

तिसऱ्या वकील बाई आहेत. आम्ही त्यांना ताई म्हणतो. ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत त्या फिर्यादीच्या बाजूने उभ्या राहतात. सरकारी वकील असतोच, पण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन कलम १५-अ आलं, आणि पीडिताला जामिनापासून शिक्षेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेण्याचा हक्क मिळाला. ताई तो हक्क वापरतात. त्यांचं खरं काम मात्र मला त्यांच्या एका वहीत दिसलं.

आमच्या जिल्ह्याचं दुखणं असं की दिवाळीच्या आगेमागे गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा कोयता ठरतो आणि टोळ्या सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे निघतात. खटल्याचे साक्षीदार बहुतेक याच माणसांतले. समन्स गावातल्या बंद दारावर येतं आणि साक्षीदार दूर कुठल्या तरी फडात मोळी बांधत असतो. तारखेला आला तर खाडा पडतो, मुकादम बोलतो. नाही आला तर वॉरंट निघतं. दोन-तीनदा असं झालं की साक्षीदार थकतो, आणि मग गावातली माणसं त्याला समजवायला लागतात. जवळच, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला २०१४ साली नितीन आगे या शाळकरी मुलाचा खून झाला. त्या खटल्यात साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार टिकला नाही तर कायदा कितीही कडक असून उपयोग नाही, हे ताईंनी तेव्हापासून धरून ठेवलं आहे.

त्यांच्या वहीत प्रत्येक साक्षीदाराच्या नावापुढे कारखाना, टोळी, मुकादमाचा नंबर आणि ‘परत कधी’ असा रकाना आहे. साक्ष गुढीपाडव्यानंतर ठेवा असा अर्ज त्या कोर्टात आधीच देतात, कारण सांगून. मधेच साक्ष लागली तर नियमाप्रमाणे मिळणारा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी साक्षीदाराच्या हातात पडेपर्यंत कचेरीतून हलत नाहीत. धारूर तालुक्यातल्या एका प्रकरणात साक्षीदार नवरा-बायको बेळगावकडून रात्रभर प्रवास करून आले. ताईंनी त्यांना आपल्या घरी अंघोळ करायला लावली, भाकरी खाऊ घातली आणि मग कोर्टात नेलं. उलटतपासात ती बाई जराही डगमगली नाही. तिला मी जाऊन भेटलो. ती म्हणाली, ‘ताईनं सांगितलं व्हतं, पाहिलं तेवढंच सांग. मी तेवढंच सांगितलं.’ मानपत्रात हेच वाक्य ताईंच्या नावाखाली पहिलं आलं.

चौथा वकील तरुण आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ साली ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदावरून पुसला, त्या पारधी समाजातला. कुठे चोरी झाली की पाल उचकटलं जातं आणि बापये धरून नेतात. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार म्हणून उभं राहायला सातबारा असलेला माणूस मिळत नाही, आणि पोरगं आतच राहतं. हा वकील असे जामीनदार शोधतो. पदरचं शेत असलेल्या मित्रांना गळ घालतो. त्याच्याबद्दल जास्त लिहायला वेळ लागेल, त्याची वकिली अजून व्हायची आहे.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. मी मानपत्रं वाचत होतो. गायरानाच्या प्रकरणातल्या गावांची नावं आली तसे मागच्या रांगांतून एकेक म्हातारा उठून उभा राहू लागला. कुणी सांगितलं नव्हतं. ‘आमचं गाव’ एवढं म्हणून ते उभेच राहिले, आणि वाचून होईपर्यंत कुणी खाली बसलं नाही.

त्या दिवसांत सगळ्यांच्या बोलण्यात न्यायमूर्ती भूषण गवई होते. अमरावतीचा, बौद्ध घरातला माणूस मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाला आणि कार्यक्रमाच्या तीनच दिवस आधी निवृत्त झाला होता. त्याचा अभिमान सगळ्यांनाच होता. वकीलसाहेब बोलायला उठले तेव्हा त्यांनी तो अभिमान बोलून दाखवला आणि लगेच दुसरा आकडा सांगितला, सरकारने संसदेत दिलेला: २०१८ पासून जुलै २०२४ पर्यंत देशातल्या हायकोर्टांत ६६१ न्यायाधीश नेमले गेले, त्यांत अनुसूचित जातींचे २१ आणि जमातींचे १२. ‘न्यायाधीश वकिलांतून होतात,’ ते म्हणाले. ‘आपला पोरगा वकिलीत टिकला तर पुढचं.’

तो टिकत का नाही, हे ताईंनी सांगितलं. सनदेची फी आता अडचण नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आणली, त्याआधी हजारोंत होती. बाबासाहेबांनाही १९२३ साली सनदेसाठी नवल भथेना या पारशी मित्राचे पैसे घ्यावे लागले होते. पण सनद मिळाल्यावर त्यांच्यापुढे दुसरीच अडचण उभी राहिली: सॉलिसिटर त्यांना काम देत नव्हते. ताई म्हणाल्या, ती अडचण आजही जशीच्या तशी आहे. ॲट्रॉसिटी, जामीन, गायरान म्हटलं की माणसं आमच्या दारात येतात आणि यावीतच. पण खरेदीखत, वाटणीचा दावा, बँकेचं काम, अपघाताचा क्लेम, म्हणजे ज्यात वकिलाचं घर चालतं ते काम, आपलीच शिकलेली माणसं दुसरीकडे नेतात. मोठ्या वकिलाची कोर्टात ओळख असते म्हणे. पहिल्या पाच वर्षांत पोट भरत नाही म्हणून किती पोरं काळा कोट उतरवून शाळेत, बँकेत, पुण्याच्या कंपनीत गेली, ते मोजा.

हॉलमध्ये नोकरदार पुष्कळ होते. प्राध्यापक, इंजिनिअर, तहसीलमधले अव्वल कारकून. कुणी काही बोललं नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या तालुक्याच्या कोर्टात असा एक तरी वकील असेल. त्याच्या गळ्यात हार घाला, शाल द्या, त्याच्या कामाची नोंद लिहून ठेवा. आणि तुमच्या घरचा पुढचा प्लॉट, पुढची वाटणी, पुढचा दावा त्याच्याकडे न्या. फी विचारा, आणि ती पूर्ण द्या.