इस्त्रीचा काही दोष नाही

मिरज,
गुरुवार, दुपार

प्रिय शालू,

तुझा लांबलचक मेसेज पोचला. उत्तर मात्र कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय, कारण काचेवर बोट फिरवत आकडेमोड करणं काही मला जमत नाही.

इस्त्री बिघडकी निघाली, दुकानदारानं फसवलं, असं तू म्हणतेस. म्हणजे निघताना साड्यांच्या घड्यांत कोंबून नेलीस तीच ना, हजार वॅटची? अर्धा तास लावून ठेवली तरी सुती साडीची सुरकुती हटत नाही, दिवा मिणमिणतो, आणि तापल्यावरचा तो ‘टक्’ काही वाजत नाही. अगं, इस्त्रीचा काही दोष नाही. इथं तिला २३० व्होल्ट मिळत होते, तुझ्या न्यू जर्सीत १२० मिळतात. जावयांनी आणून दिलेल्या अडॅप्टरनं पिनांचा आकार तेवढा बदलला, व्होल्टेज आहे तेवढंच राहिलं.

‘मग निम्मी तरी तापायला हवी होती’, हे तुझं वाक्य मी मोठ्यानं वाचलं आणि हे मोटरवर वाकलेले असतानाच हसले. रिवाइंडिंगच्या दुकानात तीस वर्षं हिशेबाची वही सांभाळली मी, पण सुरुवातीला मीही असंच म्हणाले असते. निम्मी नाही गं, जेमतेम पावपट.

पेन्सिल घे. इस्त्रीवर लिहिलंय १००० वॅट, २३० व्होल्ट. हजाराला २३० नं भाग, ४.३५ आले. एवढे अँपिअर ती इथं ओढायची. आता २३० ला ४.३५ नं भाग, साधारण ५३. हा तिच्या आतल्या नायक्रोमच्या तारेचा रोध, ५३ ओहम. तो तारेच्या लांबी-जाडीवर ठरलेला, विमानात बसून बदलत नाही. वॅट मात्र बदलतात. त्या हजाराच्या शेजारी ‘२३० व्होल्ट’ उगाच छापलेलं नसतं. तिथं १२० ला ५३ नं भागलंस तर २.२६ अँपिअर येतात, आणि १२० गुणिले २.२६ म्हणजे सुमारे २७० वॅट. हळदीचा दर निम्मा झाला आणि त्याच दिवशी वजनही निम्मंच भरलं, तर पट्टी किती येईल? तसंच हे.

‘पण माझा मोबाइलचा चार्जर तर चालतो’ म्हणशील. त्याच्यावर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट असं असेल बघ. तो आत आपली जुळवाजुळव करून घेतो. इस्त्री बिचारी म्हणजे नुसती तार.

व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम, गुणलं की वॅट, एवढंच मला यांनी शिकवलं होतं. त्या जोरावर एकदा मी भांडलेही. शंभर वॅटचा पिवळा बल्ब होता, हिशेबानं त्याचा रोध ५२९ ओहम यायला हवा. मल्टिमीटर लावला तर चाळीसच्या आसपास! मी म्हटलं मीटर बिघडला, हे म्हणाले बल्ब थंड आहे. टंगस्टनची तार पेटून पांढरी होते तेव्हा तिचा रोध दहापटीच्याही वर चढतो. म्हणूनच ते बल्ब बहुधा बटण दाबताक्षणीच जायचे, थंड तारेतून पहिला करंट भसकन् शिरायचा. नायक्रोमचं तसं नाही, तापली तरी तिचा आकडा फारसा हलत नाही. तुझ्या इस्त्रीचा हिशेब म्हणून सरळ लागला.

ज्याच्या नावानं हे ओहम मोजतो तो जर्मनीतल्या एका कुलूपवाल्याचा मुलगा, कोलोनच्या शाळेत शिकवायचा. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब मिनिटामिनिटाला उतरायचा. म्हणून त्यानं तांबं आणि बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला. दाब स्थिर झाला, मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून मोजत बसला. १८२७ साली पुस्तक काढलं, तर आपल्याच देशात कौतुक होईना. शेवटी नोकरीही सोडली. मानाचं कोप्ले पदक मिळालं १८४१ साली, तेही लंडनहून. मला त्या बर्फाचं जास्त कौतुक वाटतं.

आमचं पोट मात्र या हिशेबाच्या उलट वागणाऱ्या वस्तूवर चालतं. व्होल्टेज पडलं की इस्त्री गप थंड होते. विहिरीवरची मोटर तशी गप बसत नाही. पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून ती जास्त अँपिअर ओढते. पाच एचपीची मोटर एचपीला दीडच्या हिशेबानं साडेसात घेते, आणि व्होल्टेज पडल्यावर टाँगटेस्टर लावला तर दहाच्या पुढं काटा. करंट वाढला की तारेतली उष्णता त्याच्या वर्गानं वाढते, वार्निश करपतं, आणि सकाळी कुणीतरी ती मोटर मोटारसायकलच्या मागं बांधून आमच्या दारात हजर. तिथं नुसता भागाकार-गुणाकार पुरत नाही, थ्री फेजचा १.७३ येतो, पॉवर फॅक्टर येतो. ते पुन्हा कधीतरी, आत्ता समोर दोन गिऱ्हाइकं उभी आहेत.

तेवढं एक महत्त्वाचं. दिवाळीला येताना माझ्यासाठी तिथली इस्त्री आणणार आहेस ना? आणू नकोस. १२० व्होल्टवर १२०० वॅट म्हणजे दहा अँपिअर, म्हणजे १२ ओहम. आमच्या २३० वर ती एकोणीस अँपिअर ओढेल आणि ४४०० वॅट होतील. आमचं सॉकेट सोळाचं आहे. त्यापेक्षा ते बदाम आण, गेल्या वेळचे.

तुझी,
कुमुद